पिंजाळेतली आमची जागा

आमच्या घराला नीट दार नव्हतं, कारवीची तट्टी होती, अंधार पडला की ओढून घ्यायची. पण नदीत आमची जागा होती, आणि पाड्यातल्या सगळ्या जागांत ती वरची होती. हे मी आधीच सांगून ठेवतो. आजकाल माणूस कोण कुठला ते विचारताना जमीन किती, पोरगा नोकरीला कुठं, असं विचारतात. आमच्या वेळी, जव्हारचा राजा गादीवर होता तेव्हा, पिंजाळ नदीच्या काठच्या पाड्यांत विचारायचे, तुमचा बांध कितवा? मी मान ताठ करून सांगायचो, पहिला. पुढं ती जागा आमच्याकडं राहिली नाही. ती कशी गेली तेवढंच या प्रकरणात लिहितो. मी दोन इयत्ता शिकलेला माणूस आहे, अक्षर वाकडं आहे. नातू म्हणतो, आजोबा तुम्ही सांगा, मी नीट लिहितो. मी म्हटलं, तू नीट लिहिशील ते तुझं होईल.

भातकापणी झाली, वाघबारशीला वाघोबाला कोंबडं दिलं, की नदीचं गढूळ पाणी निवळायचं आणि उतरायला लागायचं. पाण्याबरोबर मासाही खालच्या डोहांकडं उतरतो. थंडी जसजशी धरते तसतसा तो घाई करतो. त्या दिवसांत पाड्यातलं प्रत्येक घर आपापल्या जागी नदीत आडवा दगडांचा बांध घालायचं. बांधाच्या मधोमध एक तोंड ठेवायचं आणि त्या तोंडाला मळई लावायची. मळई म्हणजे बांबूच्या कामट्यांचं लांबट टोपलं, तोंडाशी रुंद आणि शेपटाकडं निमुळतं. आत कामट्यांची टोकं अशी वळवलेली, की गेलेला मासा मागं फिरला तर त्याला ती टोचतात. पाणी निघून जातं, बाकी काही जात नाही. आमच्या बाच्या हातची मळई अशी असायची की पळसाचं पान वाहत आलं तरी अडकून पडायचं. बांध मात्र घट्ट बांधायचा नाही, कडेनं फट ठेवायची, कारण खालच्या घरांनाही खायचं असतं. ही रीत होती. आणखी एक रीत होती, ती पुढं आमच्या गळ्याशी आली. वाघबारशीनंतर घातलेला बांध शिमग्यापर्यंत उभा पाहिजे. पाण्यानं फुटला तर परत बांधा, कुणी काही बोलणार नाही. पण घरच्या माणसानं हातानं तोंड मोकळं केलं, किंवा सुतक आलं म्हणून मळई उचलली, तर त्या उघड्या तोंडात जो पहिला दगड ठेवील त्याची ती जागा. कायमची. सुतकातल्या माणसानं नदीत हात घालायचा नाही, कारण वरचं पाणी खालच्या बांधात जातं. म्हणून हिवाळ्यात मरायचं नाही असं म्हातारी माणसं हसत म्हणायची.

घरात आम्ही चौघं. आय मी पाळण्यात असतानाच गेली. बा, थोरला भाऊ काशिनाथ, त्याची बायको आणि मी. मला मिसरूड फुटत होतं. भावाला मी दादा म्हणायचो, बा काशा म्हणायचा, आणि वैनी काहीच म्हणायची नाही, नुसतं 'ऐकलं का' म्हणायची आणि तो तीन शेतं पलीकडं असला तरी वळून बघायचा. पहाटे जातं सुरू व्हायचं. नाचणीचं जातं भाताच्या उखळासारखं दणदणत नाही, ते घशात बोलल्यासारखं घरघरतं. त्या आवाजात दादा आणि बा नदीवर जायचे आणि झुंजूमुंजू होताना ओल्या लंगोट्यांनी कुडकुडत यायचे. मळई अंगणात उलटी केली की मळवे, झिंगे, एखादी शिंगाळी, कधी हाताएवढी वाम सळसळत बाहेर पडायची. वैनी राखेनं वाम चोळायची, तिखट-मीठ आणि चिंचेचा कोळ लावून मातीच्या तव्यावर टाकायची. उरलेला मासा चुलीवरच्या माळ्यावर धुराला लावायचा. आमच्या अंगाला, पांघरुणाला, देवाच्या टाकालाही हिवाळाभर त्या धुराचा वास असायचा. जव्हारच्या बाजारात लोक नाक वर करून म्हणायचे, आले नदीवाले. मला त्याची लाज कधी वाटली नाही.

त्या साली मात्र पाऊस मधेच तुटला. भात पळंज झालं, नुसती टरफलं, हातात घेऊन फुंकलं की उडायची. नाचणी टोपलीच्या बुडाशी उरली. माळ्यावरचा मासा देऊन मोखाड्याकडच्या पाड्यांतून नाचणी आणायची, तीच आमची आशा. दादा म्हणाला, मी खाली बंदरावर जातो. दर वर्षी काही माणसं मनोरच्या वाटेनं खाली जायची, गवत कापायला, लाकडं वाहायला. दादाला मात्र मचव्यावर, समुद्रातल्या मोठ्या होडीवर, जायचं होतं. हिवाळ्यात खोल पाण्यात बोंबलाची जाळी लागतात, ओढायला दांडगी माणसं लागतात, पोट भरून जेवण आणि परत येताना सुक्या मासळीचं ओझं मिळतं, असं त्यानं ऐकलं होतं.

बा म्हणाला, "गवत काप. पाण्याच्या भानगडीत कशाला पडतोस?"

"बा, मी पाण्यातला माणूस. गवत काय कापू?"

"ते पाणी येगळं."

"पाणी ते पाणी. खारट असंल, एवढंच."

वैनी भाकरी बांधून देत होती. ती म्हणाली, "ऐकलं का, मुंडासं घट्ट बांधा. वारा असतो म्हणं तिथं." तिनंच लाल काठाचं ते मुंडासं लग्नात माहेराहून आणलं होतं. दादानं ते बांधलं, माझ्या टाळूवर टपली मारली आणि म्हणाला, "धाकल्या, बांधाची फट सोडायला इसरू नको, नायतर लखमाकाका आपली हाडं चघळंल." लखमाकाका म्हणजे दुसऱ्या बांधाचा मालक, आमचा शेजारी. तो बाजूलाच उभा होता. तो म्हणाला, "हाडं तरी ठेवा रं, सगळं तुमीच खाता." सगळे हसले. दादा गोविंदाबरोबर उतरून गेला. गोविंदा शेजारच्या पाड्यातला, दादाच्या बरोबरीचा.

बांध मी घातला. पहिला दगड बानं ठेवला, बाकी सगळे मी. त्या हिवाळ्यात मासा असा उतरला की मी पुन्हा कधी तसा पाहिला नाही. पाऊस तुटल्यानं नदी लवकर बारीक झाली होती आणि सगळा मासा एकदमच निघाला होता. मळई उचलताना माझे दंड भरून यायचे. माळ्यावर जागा उरली नाही, तेव्हा वैनीनं दोरी बांधून ओळीनं लावला. बा प्रथमच म्हणाला, निभंल म्हणून.

गोविंदा एक दिवस दुपारचा आला, एकटाच. पायात काटे मोडलेले, डोळे आत गेलेले. अंगणात उभा राहिला, बसला नाही. बा मळईच्या नव्या कामट्या तासत होता. वैनी नाचणी पाखडत होती.

"काशा मागं ऱ्हायला काय रं?" बा म्हणाला.

गोविंदा म्हणाला, "काका, दोर अडकला खाली रोवलेल्या खुंटाला. जाळं वर येईना. मचव्याचा तांडेल म्हणला, थांबा, पाण्याची ओढ थांबंस्तवर कुणी हात लावू नका. काशा हसला. म्हणला, आमच्याकडं एवढ्याला बायका उतरतात. मुंडासं काढून माझ्या हातात दिलं आन उतरला."

"मंग?"

"मंग काय. खाली कायच नव्हतं."

हे मी जसंच्या तसं लिहिलं आहे. आमच्या नदीत काही अडकलं तर आम्ही उतरतो. कमरेइतकं, छातीइतकं, फार तर डोक्यावरून हातभर पाणी, पण खाली दगड असतो. पाय टेकतो, मग जोर लावता येतो. जन्मापासून अंगात भिनलेली गोष्ट. समुद्रावरची माणसं जाळं सोडून देतील पण ओहोटीत उतरणार नाहीत. दादाला कुणी घाबरट म्हटलं नव्हतं, कुणी ढकललं नव्हतं. तो पाय टेकायला उतरला.

बा म्हणाला, "पोहता येतंय त्याला."

"पोहत होता की. पोहतच गेला. आम्ही बघत होतो, लांब लांब डोकं दिसत होतं. मचवा वळवस्तवर..."

"देह?"

"नाय."

बानं कोयता खाली ठेवला. "देह नाय तं कशाला आलास बोंबलत? कुठं तरी लागला आसंल काठाला. दुसऱ्या बंदरावर आसंल. येईल. जा तू."

गोविंदानं कनवटीला गुंडाळलेलं मुंडासं काढलं आणि बापुढं धरलं. बानं बघितलं नाही. शेवटी त्यानं ते वैनीच्या सुपाशेजारी ठेवलं आणि गेला. वैनीनं सूप खाली ठेवलं नव्हतं. ती तशीच पाखडत राहिली, सुपात दाणा उरला नव्हता तरी.

संध्याकाळी पाडा जमला. आमच्यात बुडालेल्या माणसाचा देह मिळाला नाही तर नाचणीच्या पिठाचा पुतळा करतात, पळसाच्या पानांत बांधून सगळ्या बांधांच्या खाली नदीत सोडतात, आणि मग सुतक धरतात. म्हाताऱ्यांनी तेच सांगितलं. बा म्हणाला, "मी पोराला पिठाचा करणार नाय. देह दाखवा, सुतक धरतो."

लखमाकाका म्हणाला, "तुझं पाणी माझ्याकडं येतं. सुतकाचं पाणी मी का घ्यावं?"

"नको तं तुझा बांध उचल आन डोंगरावर नेऊन घाल."

"जागेसाठी बोलतोस तू."

"आन तू कशासाठी बोलतोस?"

मी आज इतक्या वर्षांनी त्या दोघांकडं बघतो तर मला दोघांचंही खरं वाटतं. बाला जागा सोडायची नव्हती हे खरं. एक पोर गेलं, आता जागाही गेली तर राहिलेल्यांनी काय खायचं, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. तो पहाटे नदीवर जाताना भाकरीचा तुकडा झाकून ठेवायला सांगायचा, काशा आला तर भुकेला असेल म्हणून. जागेसाठी दादा जिवंत पाहिजे होता, का दादासाठी जागा पाहिजे होती, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

पाड्यानं आम्हाला तोडलं. भांडण नाही, तंटा नाही. विस्तव मागायला कुणी येईना. माळ्यावरचा मासा घेऊन मी पाड्यापाड्यांनी फिरलो, नाचणी द्या म्हटलं. लोक आत बोलवायचे, पाणी द्यायचे आणि म्हणायचे, पोरा, सुतकाचा मासा आम्ही कसा खावा? तसाच परत यायचो. घरात एवढा मासा असून आम्ही उपाशी होतो. नाचणी संपत आली. बा आणि मी सकाळ-संध्याकाळ नुसता मासा खायचो, मीठ नाही, भाकरी नाही. तोंडाला फोड आले. वैनी मासा खाईना. रानात जाऊन कडूकंद खणून आणायची, कापून टोपलीत घालून वाहत्या पाण्यात ठेवायची, कडूपणा उतरला की उकडून खायची. तो कितीही धुतला तरी घसा धरतो.

बा म्हणाला, "मासा का खात नाय गं?"

ती म्हणाली, "मामा, त्यांनी त्यांना खाल्लं आसंल."

"ते समुद्रातले. हे आपले."

"पाणी ते पाणी," वैनी म्हणाली.

बा उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी वैनीनं पुन्हा विषय काढला. ती कधी मोठ्यानं बोलत नसे. चुलीकडं तोंड करून म्हणाली, "मामा, मला एक सांगा. मी कोण हाय?"

"काशाची बायको. दुसरी कोण?"

"कुठाय काशा?"

नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "माझ्या हातात बांगड्या हायत," ती म्हणाली. "बायका मला बघून तोंड फिरवतात. रडावं तं तुमी म्हणता जिवंत हाय, हसावं तं... तुमची जागा ऱ्हाती म्हणून मी आशी किती वर्सं बसू?"

"देह दाखव मला," बा म्हणाला.

त्याच दिवशी दिवस कलताना मी तिला टोपलीचं बुड खरवडताना बघितलं. घरातलं शेवटचं पीठ. मला वाटलं, भाकरी करते, आणि मला भुकेनं बरंसुद्धा वाटलं.

सकाळी थंडी मरणाची होती. नदीवर धूर तरंगतो तसं धुकं होतं. बा आणि मी बांधावर आलो तेव्हा वैनी काठावर आधीच उभी होती, पदर डोक्यावर घट्ट ओढून. बाला वाटलं, कडूकंदाची टोपली न्यायला आली. तो पाण्यात उतरला, मळईच्या शेपटाला हात घातला आणि म्हणाला, "जड हाय आज. वाम दिसती." मी तोंडाकडून धरलं. आम्ही दोघांनी मळई उचलून बांधावर टेकवली आणि पाणी निथळू दिलं.

आत दादाचं मुंडासं होतं. लाल काठ पाण्यानं काळा झाला होता. मुंडाशात भाताच्या पेंढ्याचा, पिठानं लिंपलेला माणूस होता, हाताएवढा. बाहेरची पळसाची पानं सुटून कामट्यांना चिकटली होती. तोंडाकडचं पीठ मासे खाऊन गेले होते, तिथं नुसता पेंढा दिसत होता. भोवती मळवे उडत होते.

बानं वाकून एक पान कामटीवरून सोडवलं. मग म्हणाला, "खाली सोडायचा आसतो हा. सगळ्या बांधांच्या खाली."

वैनी काठावरून म्हणाली, "म्हाईत हाय. वर सोडला. तुमाला बघायचा होता ना."

मला वाटलं बा आता ओरडेल. बा पाण्यातच मांडी घालून दगडावर बसला, मळई आडवी घेतली, तिच्या शेपटाची गाठ सोडली आणि तो पुतळा दोन्ही हातांनी बाहेर काढला. मांडीवर घेतला. मुंडाशाच्या घड्यांत अडकलेले बारीक मासे एकेक करून काढून पाण्यात सोडले, पोराच्या केसांतली कुसळं काढावीत तसे. सुटलेलं टोक परत गुंडाळलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "दगड काढ."

मी म्हटलं, "बा, जागा..."

"दगड काढ म्हणतोय ना!"

मी घातलेला बांध मीच काढला. तोंड मोठं झालं तसं तुंबलेलं पाणी एकदम सुटलं. बानं पुतळा पाण्यावर ठेवला, हात लगेच सोडले नाहीत. मग सोडले.

पाणी वाढलं म्हणून लखमाकाका खालून धावत वर येत होता, तोंडात शिवीच असावी. वळणावर त्यानं वाहत येणारं लाल मुंडासं बघितलं आणि तिथंच थांबला. परत फिरला, आपल्या बांधात उतरला आणि आपली मळई उचलून डोक्यावर धरली. पुतळा त्याच्या पायांमधून गेला. त्यानं खाली हाक दिली, त्याच्या खालच्यानं मळई उचलली. त्यानं त्याच्या खालच्याला हाक दिली. आम्हाला दिसत नव्हतं, पण हाका ऐकू येत होत्या, एकापाठोपाठ एक, लांब लांब जात. शेवटची हाक इतकी बारीक होती की ती हाक की टिटवी हे कळलं नाही. काठावर वैनीनं दगडावर हात आपटला, बांगड्या फुटल्या, आणि मग ती रडली. बघणारा माणूस घाबरावा, अशी रडली.

सुतक धरलं. त्यात आमच्या उघड्या तोंडात लखमाकाकानं दगड ठेवला. लोकांना वाटतं मी त्याच्यावर राग धरला असेन. त्यानं ठेवला नसता तर तिसऱ्या घरानं ठेवला असता, आणि पुतळ्यासाठी पहिली मळई उचलून धरणाराही तोच होता. सुतक फिटल्यावर वैनीचा भाऊ वांगणीहून आला आणि तिला घेऊन गेला. जाताना ती माझ्यासाठी उकडलेल्या कडूकंदाची थाळी झाकून ठेवून गेली. तिचं दुसरं लग्न लागलं असं नंतर ऐकलं. बरं झालं. आमच्याकडं तिनं थांबावं असं काही उरलं नव्हतं. माळ्यावरचा सगळा मासा आम्ही सुतकातच खड्ड्यात पुरला. बानं परत मळई विणली नाही. तो रोज पहाटे उठायचा, नदीपर्यंत जायचा आणि लखमाकाकाच्या बांधाच्या वर काठावर बसून यायचा. त्याची अर्धी तासलेली कामट्यांची मोळी वळचणीला वाळत राहिली. पावसाळ्याच्या तोंडाला तो गेला. हिवाळ्यात गेला असता तरी आता काही बिघडणार नव्हतं.

आता तिथं नदीवर फरशीपूल घातला आहे, त्याच्यावरून जीपगाड्या मोखाड्याला जातात. बांध कुणी घालत नाही. त्या साली मी रानात राबलो, गवत कापलं, लाकडं वाहिली, पुढं संसार केला, सगळं केलं, बंदरावर कधी उतरलो नाही. एकदा मुलानं समुद्र दाखवायला नेतो म्हटलं. मी म्हटलं, तूच बघ. नदीत मात्र मला अजून उतरावं लागतं, गुरं पलीकडं न्यायची असतात. घोट्याएवढं पाणी असतं, तळातले गोटे वरून मोजता येतील इतकं स्वच्छ. तरी मी पाय टाकायच्या आधी काठी घालून बघतो, खाली काही आहे का. नातवंडं हसतात. हसू द्या. काठी टेकली की मगच मी पाय टाकतो.